जीपमधला पलंग

आमच्या ह्यांनी सेकंडहँड जीप घेतली ती एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडून. ठेकेदार तिच्यातून मजूर, पत्त्याची पोती आणि अधूनमधून बोकड वाहायचा, त्यामुळे आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिला या तिन्हींचा वास होता.

"फोर बाय फोर आहे," हे म्हणाले. "चारही चाकं ओढतात. कुठल्याही रस्त्यानं जाते."

"आपल्याला कुठं जायचं आहे?" मी विचारलं.

त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात एखादी मुलगी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारते तेव्हा ते असंच पाहत असणार. हे देवरीला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात, मी तिथल्याच मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. त्यांचं कॉलेज घराच्या गच्चीवरून दिसतं. माझी शाळा त्याच्या पलीकडे. आमच्या रोजच्या प्रवासाला एक चाकही लागत नाही, चार तर लांबच राहिली.

जीप का आली, ते मला आठवडाभरात कळलं. ह्यांच्या मोबाइलवर एक परदेशी दाढीवाला तरुण राहायला आला होता. तो आपल्या गाडीतल्या सगळ्या सीटा काढून तिथं पलंग करायचा, खण करायचा, खणात शेगडी बसवायचा आणि मग कुठल्यातरी ओसाड माळावर जाऊन आम्लेट खायचा. हे जेवताना त्याला बघायचे. तो आम्लेट उलटायचा आणि इकडे ह्यांची भाजी थंड व्हायची.

"हे सगळं तो स्वतःच्या हातानं करतो," हे एकदा म्हणाले.

"त्याला घर नसेल," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यात जंगलात मुक्काम करणाऱ्यांची काही टंचाई नाही. मोहफुलं वेचणारी माणसं आहेत, तेंदू तोडणारी आहेत, रानडुकरांपासून धान राखायला माळ्यावर झोपणारी तर गावोगाव आहेत. त्यातल्या कुणालाही आपल्या झोपण्याचं चित्रीकरण करावंसं वाटलेलं नाही. पण ह्यांच्या मते ते काम होतं आणि हा अनुभव होता.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि अनुभवाला सुरुवात झाली. पहिल्या दिवशी सीटा काढायच्या होत्या. बोल्ट इतके गंजले होते की जीप आणि सीट यांच्यात फरकच राहिला नव्हता. हे खाली पाठीवर झोपून पाना फिरवत होते आणि शेजारचे निवृत्त कंडक्टर कुंपणावर हात टेकून पाहत होते. त्यांची हयात बसमध्ये सीटा भरण्यात गेलेली.

"काऊन जी सर," ते म्हणाले, "सीटा कायले काढून राहिले?"

"आत झोपायची सोय करतोय."

कंडक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ह्यांच्या पायांकडे, आणि आवाज उतरवून विचारलं, "घरी काही झगडा झाला का?"

निघालेल्या सीटा टाकवत नव्हत्या, म्हणून मागची लांब सीट आमच्या बैठकीत आली. आलेल्या पाहुण्याला आम्ही तिच्यावर बसवायचो. ती जमिनीपासून इतकी खाली होती की पाहुण्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागायचे, आणि बाजूला पट्टे लोंबत असायचे. ह्यांच्या कॉलेजातले हेडक्लार्क एकदा चहा घेईपर्यंत तो पट्टा हातात धरून बसले होते. बांधायचा असतो की नाही, हे विचारायला ते लाजत असावेत.

पलंगाचं प्लायवूड ह्यांनी गोंदियाहून आणलं. आधी कागदावर आराखडा झाला. त्यावर कोन होते, बाण होते, एका कोपऱ्यात गुरुत्वमध्यही होता. त्याप्रमाणे प्लायवूड कापून झालं, ते जीपमध्ये नेलं आणि तेव्हा लक्षात आलं की मागच्या चाकांवर दोन्ही बाजूंना लोखंडी उंचवटे असतात. गेल्या अनेक दिवसांत हे त्याच उंचवट्यांवर बसून मापं घेत होते. फळी आत बसेना. मग ती उंचवट्यांच्या वर बसवायची ठरली. त्यावर गादी आली आणि पलंग छताच्या इतका जवळ गेला की आत उठून बसणं अशक्य झालं. फार तर कोपर टेकून रेलता यायचं, कॅलेंडरावरच्या शेषशायी विष्णूसारखं.

"आत बसायचं कसं?" मी विचारलं.

"बसायला बाहेर सगळं जग पडलंय," हे म्हणाले. "आत झोपायचं."

झोपायचीही अडचण होतीच. हे उंच आहेत. सरळ झोपले की मागचं दार लागत नव्हतं, कारण दाराच्या जागी त्यांचे पाय होते. एक दिवस दुपारभर विचार करून ते उठले आणि म्हणाले, "कर्ण. आयताचा कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो. तिरपं झोपायचं."

ते तिरपे झोपले आणि खरोखर मावले. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"आणि मी?"

त्यांनी डोकं वळवून दोन्हीकडे पाहिलं. "दोन त्रिकोण उरतात," ते म्हणाले. "तुला हवा तो घे."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या वाट्याला त्रिकोण आला.

छताला आतून फोम आणि त्यावर राखाडी गालिचा चिकटवायचा होता, म्हणजे ऊन आत येणार नाही. त्यांनी तो मे महिन्यात चिकटवला. आमच्याकडे मे महिन्यात तारेवर कावळाही बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जीपचं दार उघडलं तेव्हा गालिचा छत सोडून खाली लोंबत होता आणि मधोमध त्याला मोठं पोट आलं होतं. पुढे पावसाळाभर हे काम चालू राहिलं. ह्यांनी तीन प्रकारची चिकटद्रव्यं वापरली आणि प्रत्येकाचा वास आधीच्यापेक्षा उग्र निघाला. बोकडाचा वास गेला, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पडदे मी शिवले. मला फुलाफुलांचं कापड हवं होतं. ह्यांचं म्हणणं, पांढरा रंग उष्णता परावर्तित करतो. म्हणून पांढरं मांजरपाट आणून सगळ्या खिडक्यांना लावलं. जीप मुळातच पांढरी होती.

आणि शेवटी तो खण. पलंगाखाली, मागच्या दाराकडे उघडणारा, त्यात एका बर्नरची गॅसची शेगडी, दोन पातेली, चमचे, चहा-साखरेचे डबे. एका भंगारातल्या कपाटाच्या पट्ट्यांवर तो इतका सुरेख सरकायचा की त्याला थांबवणं हेच काम होऊन बसलं. गाडी जराशा चढावर उभी असली आणि कुणी मागचं दार उघडलं, की खण आपोआप बाहेर यायचा आणि उघडणाऱ्याच्या पोटात बसायचा. "कडी लावायची राहिलीय," असं हे दर वेळी म्हणायचे. कडी राहिलीच.

या सगळ्यात दिवाळी झाली आणि सासूबाई डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. सासूबाई केशोरीला धाकट्या दिरांकडे राहतात. तिथं आमची धानाची शेती आहे आणि शेतीवर व दिरांवर सासूबाईंचं बारीक लक्ष असतं. दोन्ही त्यांच्या मनासारखी कधी नसतात. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की काही दिवस धुळीपासून डोळा जपा, प्रवासात तोंडावर कापड घ्या. सासूबाई उन्हाला आमच्या अंगणात बसायच्या आणि काळ्या चष्म्यातून लेकाचं काम पाहायच्या.

"मास्तरकी सोडून हे का करून राहिला तू?" त्या विचारायच्या.

"माय, गाडीत घर करतोय."

"घर आहे ना."

"ते हलत नाही."

एका दुपारी कुणाला न सांगता सासूबाई स्टुलावरून जीपमध्ये चढल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या. मी पाहिलं तर गाढ झोपलेल्या. सासूबाई ठेंगण्या आहेत. वर-खाली, डावी-उजवी, कुठूनही पाहिलं तरी पलंग त्यांच्याच मापाचा होता. सहा महिने खपून ह्यांनी घरातल्या अशा एकमेव व्यक्तीचा पलंग बनवला होता, जिचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

मार्गशीर्षात काम पूर्ण झालं. ठरलं असं की सासूबाईंना केशोरीला सोडायचं आणि तिथून आम्ही दोघांनी प्रतापगडाला, म्हणजे साताऱ्याच्या नव्हे, आमच्या जिल्ह्यातल्या, जाऊन पायथ्याशी जीपमध्ये मुक्काम करायचा, म्हणजे पहिला अनुभव घ्यायचा. सकाळी मी जीपची पूजा केली. समोर झेंडूचा हार घातला. चिकटद्रव्याचा वास अजून होता म्हणून आत उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावून फिरवला. पुढे दोनच सीटा होत्या, त्यामुळे सासूबाईंनी मागे पलंगावर झोपून जायचं हे उघड होतं. त्या आनंदानं झोपल्या. धूळ लागू नये म्हणून मी त्यांच्या अंगावर पांढरी चादर घातली आणि तोंडावर धुतलेलं मऊ धोतराचं फडकं टाकलं.

आता हे सगळं एकत्र लिहून काढताना मलाही दिसतं की त्या गाडीकडे पाहून कुणालाही काय वाटलं असतं. पण त्या सकाळी आम्हाला फक्त जीप दिसत होती.

ह्यांनी आपला मोबाइल काचेला लावला, प्रवासाचं चित्रीकरण करायला, आणि मधे फोन येऊन व्यत्यय नको म्हणून तो विमानात करतात तसा मुका करून टाकला. माझा फोन पर्समध्ये आणि पर्स पलंगाखाली.

चिचगडच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. सासूबाई झोपल्या होत्या, त्यांना उठवलं नाही. मी टपरीवर चहा सांगत होते, हे जीपला टेकून उभे होते. तेवढ्यात केशोरीचे आमच्या भाऊकीतले एकजण मोटरसायकलवरून आले. त्यांचं गावात खताचं दुकान आहे. सासूबाई ऑपरेशनसाठी गेल्या आहेत, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी हार पाहिला, पडद्याच्या फटीतून आत पाहिलं आणि डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. नंतर मला ते दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण शब्द दोघांचेही सारखेच होते.

"कधी झालं, मास्तर?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

हे सहा महिने वाट पाहत होते की कुणीतरी जीपबद्दल नीट विचारावं. "काल संध्याकाळी," ते म्हणाले. "सकाळी पूजा केली अन् निघालो."

"लई दिवस चालून राहिलं होतं का जी?"

"उन्हाळ्यापासून. मधे तर मी आशा सोडली होती. पण काल एकदाचं संपलं."

"त्रास झाला असंल."

"त्रास झालाच. रात्र-रात्र झोप नाही. पण आता बघा, किती शांत वाटतं."

खतवाल्यांनी मान हलवली. "गावात आनून राहिले ना?"

"आधी घरी नेतो, मग प्रतापगडला. तिथं पाण्याजवळ मोकळी जागा आहे, तिथंच करू म्हणतो."

"आपल्या शेतात नाही करत?"

"शेतात आता धान पडलंय, जागा कुठं आहे?"

"तेही आहे," खतवाले म्हणाले. मग अडखळत त्यांनी विचारलं, "अन् लाकडाचं?"

"लाकूड कशाला? गॅस घेतलाय सोबत," हे अभिमानानं म्हणाले. "दहा मिनिटांत होतं."

खतवाल्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मोटरसायकल चालू केली आणि चहा न घेताच निघून गेले. मी चहा घेऊन आले तेव्हा हे भारावलेले होते. "बघ," ते म्हणाले, "शेतकरी माणूस, पण किती आस्थेनं विचारलं. शेजारच्या कंडक्टरांना कधी जमलं नाही हे."

चिचगड सोडलं की जंगल लागतं आणि फोनची रेंज जाते. रस्त्यात आमचं चांगलंच स्वागत होऊ लागलं. एका वळणावर बैलगाडीवाला बाजूला थांबला आणि उभा राहिला. पुढं एका ट्रॅक्टरवाल्यानं मशीन बंद करून हात जोडले. दोन बाया डोक्यावरच्या मोळ्या उतरवून खाली मान घालून थांबल्या. हे प्रत्येकाला हसून हात करत होते. त्या बायांपैकी एकीनं ह्यांचं हसणं पाहिलं आणि तिचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

"लोक हात का जोडून राहिले असतील?" मी विचारलं. काळजी वाटायला लागली म्हणजे माझ्याही तोंडात इकडची बोली येते, एरवी मी शाळेतली मराठी बोलते.

"या भागात अशी गाडी कुणी पाहिलेली नाही," हे म्हणाले.

केशोरीत शिरलो तेव्हा दिवस चांगलाच वर आला होता. मळणीचे दिवस. एरवी या दिवसांत गावात शिरलं की लांबूनच मशीनची घरघर येते आणि हवेत भुसा उडताना दिसतो. त्या दिवशी आमच्या शेताकडे सगळं शांत होतं. आमच्या घरासमोर मात्र माणसंच माणसं. पुरुष एका बाजूला बसलेले, बाया दुसऱ्या बाजूला. जीप वळली तशी बायांमधून रडण्याचा आवाज उठला.

ह्यांनी गाडी उभी केली. "काय झालं?" त्यांचा आवाज बदलला होता. त्यांना वाटलं, घरात कुणाचं तरी काही झालं.

दीर धावत आले. आमचे दीर म्हणजे आडदांड माणूस, आईशी रोज एकदा तरी भांडल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. त्यांनी आल्याबरोबर ह्यांना मिठी मारली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. हेही घाबरून रडायला लागले. कुणासाठी, ते ह्यांना अजून कळायचं होतं. मी इकडे माणसं मोजायला लागले. जाऊ समोर होती, पुतणी होती, चुलतसासरे होते. कुणीच कमी नव्हतं.

"काऊन सांगितलं नाही रे भाऊ," दीर म्हणत होते, "एक फोन नाही केला. मले तोंड तं पाहू दिलं असतं."

"कुणाचं?" हे म्हणाले.

दीर डोळे पुसत मागच्या बाजूला गेले आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

आमचं अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे आणि जीप ह्यांनी मागं घेत उतारावर उभी केली होती, त्यामुळे जीपचं तोंड वर आणि पाठ खाली होती. खण सुटला. शेगडी, पातेली आणि चमच्यांसकट तो दिरांच्या पोटात बसला आणि दीर मागच्या मागे चुलतसासऱ्यांच्या मांडीवर जाऊन पडले. पातेली अंगणभर घरंगळत गेली. साखरेचा डबा फुटला. रडणं थांबलं.

त्या शांततेत आतून आवाज आला, "कोन आहे रे? का पाडलं?"

पांढरी चादर हलली. सासूबाईंनी उठायचा प्रयत्न केला, पण उठून बसायला जागा नव्हती, डोकं छताला लागलं. मग त्या कोपरावर रेलल्या आणि तोंडावरचं फडकं बाजूला केलं. अंगणातली पहिली रांग दोन पावलं मागे सरली. एक म्हातारी उठून चपला सोडून घरी निघून गेली.

सासूबाईंनी काळ्या चष्म्यातून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग शेताकडे कान दिला.

"मशीन काऊन बंद आहे?" त्यांनी विचारलं.

लोक चुलतसासऱ्यांकडे पाहायला लागले.

"धान चुरना कोनं बंद केला, म्हनतो मी?"

चुलतसासरे पुढे झाले. "वयनी," ते म्हणाले, "तू मेली ना जी, म्हनून बंद केला."

"मी मेली तं धानाले का झालं?" सासूबाई म्हणाल्या. "त्याले पानी लागलं तं कोन पाहीन?"

मग खतवाल्यांचा शोध घेतला गेला. ते गर्दीतच होते आणि सगळ्यांत दुखावलेले तेच होते. "मी माह्या मनानं एक शब्द नाही बोललो," ते परत परत सांगत होते. "मास्तरलेच विचारलं. मास्तर म्हने काल संध्याकाळी. मास्तर म्हने गॅसवर दहा मिनिटांत होते." हे त्यांना समजावून सांगू लागले की आपण शेगडीबद्दल बोलत होतो. त्यानंतर गावात असं ठरलं की मास्तर शिकून थोडा वाया गेला आहे, पण मनानं चांगला आहे.

लोकांची पंचाईत वेगळीच होती. कामं सोडून आलेली माणसं. कुणी नातेवाइकांना फोन करून बोलावून घेतलेलं, ते वाटेत होते. मळणीचं मशीन आमच्याकडून सुटल्याबरोबर दुसऱ्याच्या शेतात गेलं होतं आणि आता दोन दिवस परत येणार नव्हतं. आनंद झाला होता, यात शंका नाही, पण तो कसा दाखवायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तसंच उठून जाणंही बरं दिसत नव्हतं. जावेनं चूल पेटवलेली नव्हती. मग ह्यांनी अंगणातून पातेली गोळा केली, खण मागे ढकलून पुढे एक वीट लावली आणि शेगडी पेटवली. दोघांचा चहा होईल एवढं पातेलं होतं. त्यात हे चाळीसेक माणसांचा चहा करायला बसले. शेवटच्या माणसाला चहा मिळेपर्यंत पहिल्याला पुन्हा तलफ आली होती. पण ह्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढं सुख त्या सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. लोक एकेक करून येत होते, शेगडीकडे, खणाकडे वाकून पाहत होते, आणि हे प्रत्येकाला पट्ट्या कशा सरकतात ते दाखवत होते.

चहा देताना दीर कुठं दिसेनात. मी गोठ्यामागे गेले. ते हौदाशी उभे राहून तोंडावर पाणी मारत होते.

"लागलं का पोटाला?" मी विचारलं.

"नाही जी वयनी," ते डोळे चोळत म्हणाले. "डोऱ्यात भूस गेलं."

मळणी बंद होती, हे मी बोलले नाही. तिथं चहाचा कप ठेवून परत आले.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर सासूबाई बाजेवर बसल्या आणि त्यांनी जावेकडून सगळं वदवून घेतलं: कोण आलं, कोण नाही आलं, कोण रडलं, कोण नुसतं पदर लावून बसलं. दिरांचं नाव निघालं. तेव्हा त्या म्हणाल्या, "रडून राहिला होता, म्हनून मशीनवाल्याले जाऊ दिलं. तसाच आहे तो." पण रात्री दिरांच्या ताटात त्यांनी स्वतः भात वाढला, आणि तो इतका वाढला की दिरांनी एरवी त्यावरूनच भांडण काढलं असतं. त्या दिवशी त्यांनी सगळा खाल्ला.

प्रतापगडचा आमचा मुक्काम झालाच नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं की एवढं सगळं झालंय तर आपणही येणार, गडावरच्या महादेवाला आणि दर्ग्याला दोन्हीकडे नारळ द्यायचा. त्यांच्याबरोबर जाऊ निघाली, पुतणी निघाली, आणि आदल्या दिवशी रडायला आलेल्या दोन मावश्या मुक्कामाला राहिल्या होत्या त्याही निघाल्या. पाच बाया पलंगावर चढल्या. बसायला उंची नव्हती, म्हणून केशोरी ते प्रतापगड त्या सगळ्या मान खाली घालून, एखाद्या सभेत ठराव मांडला जात असताना बसतात तशा बसून आल्या. गडाच्या पायथ्याशी उतरल्यावर बराच वेळ त्यांना वर पाहता येईना.

गडावर पुतणी नारळ घेऊन चढून गेली. सासूबाई खाली सावलीत बसल्या. परत निघताना त्या मागे चढायला तयार होईनात.

"मले पडून नाही जाचं," त्या म्हणाल्या. "डोरा कायले केला मग? मले रस्ता पाहाचा आहे."

म्हणून मी मागे गेले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या पलंगावर आडवी झाले, माझ्या त्रिकोणात, कारण बाकीच्या जागेत चार बाया होत्या. सासूबाई पुढे ह्यांच्या शेजारी बसल्या. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी मागून ओरडून सांगितलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि काच फक्त थोडी उघडी ठेवली.

पुढचा सगळा रस्ता मला त्यांचा नुसता आवाज येत होता. अमक्यानं घराला हिरवा रंग दिला. तमक्याच्या बांधीत धान अजून कापायचंच आहे, आळशी माणूस. तलावात एवढे पक्षी कधीपासून आहेत, की आधीही होते? तो डोंगर निळा दिसतोय की चष्म्याची काचच निळी आहे? हे उत्तरं देत होते. मधे एकदा त्या थांबल्या. मला वाटलं, डोळा लागला.

"बाबू," त्या म्हणाल्या, "तू एवढा पांढरा कधी झाला?"

"कोण, मी?"

"कानावर. सारे पांढरे झाले. मले कोनं सांगितलंच नाही."

"हळूहळू होतात, माय."

"तुया बापाचे नव्हते झाले," त्या म्हणाल्या. "त्याले तेवढा वेळच नाही भेटला." मग पुन्हा बाहेर पाहायला लागल्या.

गाडी बरीच हळू झाली, आणि त्या मावश्यांपैकी एकीनं मला ढोसून विचारलं, उतरायचं आलं का.

पुढच्या रविवारी ह्यांनी करवत काढली आणि पलंगाचा अर्धा भाग कापून टाकला. खिडकीशी एक बाक केला, त्याला टेकायला पाठ केली, पांढरा पडदा काढला. या वेळी कागदावर आराखडा नव्हता. दोरी घेऊन हे केशोरीला गेले, सासूबाईंना बाजेवर बसवलं आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेऊन आले. कुंपणावरून कंडक्टर पोळी खात पाहत होते.

"आता का करून राहिले जी, सर?"

"सीट," हे म्हणाले.

"चांगली खिडकीजवळची आहे," कंडक्टर म्हणाले, आणि हातातली पोळी संपवून आत गेले.